पेटीतून आलेली मोटार

मुंबईत मोटार बनू लागली त्याच्या आधी वीसेक वर्षं मोटार जुळवली जात होती. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनं शिवडीला कारखाना काढला. कारखाना म्हणायचा, पण तिथं ना लोखंड वितळत होतं ना इंजिन ओतलं जात होतं. बोटीतून मोठमोठ्या पेट्या उतरत, पेट्यांत शेवरलेटचे सुटे भाग असत आणि शिवडीतले कामगार ते एकात एक बसवून गाडी उभी करत. मागोमाग फोर्ड आली. तिनंही मुंबईत हाच धंदा मांडला. वालचंद हिराचंदांना हे खुपत होतं. मोटार इथंच, मुळापासून बनली पाहिजे म्हणून त्यांनी आणि सर विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकात आराखडे केले, सरकारदरबारी खेटे घातले. ब्रिटिश सरकारनं दाद दिली नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि गंमत बघा, त्या गाड्याही सुरुवातीला क्रायस्लर कंपनीच्या पेट्यांतूनच आलेल्या होत्या! १९५३ साली भारत सरकारनं ठरवलं की जी कंपनी टप्प्याटप्प्यानं इथं भाग बनवणार नाही, तिनं आपलं चंबूगबाळं आवरावं. जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. प्रीमियर राहिली. इटलीच्या फियाटचा हात धरून तिनं जी गाडी बनवली, ती पुढं मुंबईची टॅक्सी झाली.

मंडळी, आज ज्या मोटारींबद्दल मला बोलायचं आहे त्याही पेटीतूनच येतात. फक्त ही पेटी पुठ्ठ्याची असते आणि काखोटीला मारून घरी आणता येते. झाकणावर गाडीचं झोकदार चित्र, आत प्लॅस्टिकच्या चौकटी. झाडाला कैऱ्या लगडाव्यात तशी त्या चौकटींना दारं, बंपर, सीटा, स्टिअरिंग, इंजिनाचे तुकडे लगडलेले असतात. एकेक भाग कापायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, रंगवायचा, चिकटवायचा. माप पक्कं असतं. १:२४ हे प्रमाण असेल तर खऱ्या गाडीतला एक फूट इथं अर्धा इंच. मनाला येईल तसं कमी-जास्त करायचं नाही.

या उद्योगाला मराठीत छंद म्हणतात. हा शब्द मोठा लबाड आहे. कवितेच्या वृत्तालाही आपण छंद म्हणतो आणि माणसाला लागलेल्या नादालाही छंदच म्हणतो. चाळीस वर्षं कवितेच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. दोन्हीकडे वेडच असतं, पण मोजून-मापून केलेलं. मात्रा चुकली की ओळ लंगडते, चाकाचं माप चुकलं की गाडी लंगडते.

या छंदाचा जन्म मात्र काव्यमय वगैरे नाही, दुकानदारीत झालेला आहे. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थानं १९३९ साली लंडनमध्ये एअरफिक्स कंपनी काढली. युद्धानंतर ही कंपनी प्लॅस्टिकचे कंगवे करायची, आणि ढिगानं करायची. १९४० चं दशक संपता संपता फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांनी तिच्याकडं आपल्या ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती मागितली. विक्रेत्यानं ती शेतकऱ्याच्या हातात ठेवायची आणि मोठ्या ट्रॅक्टरची गोडी लावायची, असा बेत. प्रतिकृती नाजूक भागांची, ती जुळवून द्यायची म्हणजे मजुरी आली. मग कंपनीनं विचार केला, जुळवायचं काम गिऱ्हाइकावरच का सोपवू नये? सुटे भाग पाकिटात घालून ट्रॅक्टर बाजारात आला. १९५२ साली त्याच वाटेनं एक गलबत वुलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकायला ठेवलं गेलं आणि इंग्लंडातल्या पोरांच्या बोटांना गोंद लागला तो लागलाच.

अमेरिकेतही तेच. १९४८ साली सुरू झालेली एएमटी कंपनी मोटारविक्रेत्यांच्या टेबलावर ठेवायच्या छोट्या गाड्या बनवायची. नवीन साल, नवीन गाडी, नवीन प्रतिकृती. १९५८ पासून तिनं त्याच साच्यांतून सुट्या भागांची किटं काढली. एकाच पेटीतून तीन तऱ्हेची गाडी करता येई : कारखान्यातून येते तशी साधी, आपल्या मर्जीनं नटवलेली किंवा शर्यतीची. कॅलिफोर्नियातल्या रेव्हेल कंपनीनं त्याच दशकाच्या सुरुवातीला विसाव्या शतकाच्या आरंभीच्या खटारा गाड्यांची मालिका काढून नातवंडांच्या हाती आजोबांची मोटार दिली होती. हा सगळा खटाटोप जाहिरातीतून निघाला, यात मला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडं दरबारात मानधनासाठी लिहिलेले कसीदे आणि पोवाडे पुढं इतिहासाची साधनं झालेच ना! या किटांचंही तसंच झालं. डेट्रॉइटच्या कित्येक गाड्या भंगारात गेल्या, पण त्यांच्या डॅशबोर्डावर कोणतं बटण कुठं होतं हे त्या वर्षीचं किट उघडून आजही पाहता येतं.

पण या छंदाला इबादतीच्या पातळीवर नेलं ते जपान्यांनी. शिझुओका गावात तामिया कुटुंबाची १९४६ पासून लाकडाची वखार होती. १९५१ साली आगीत लाकूड जळून गेलं, कुटुंब कंगाल झालं आणि लाकडी खेळण्यांकडं, मग साठच्या दशकात प्लॅस्टिककडं वळलं. धाकटे तामिया, शुनसाकू, हे मापाचे वेडे. सत्तरच्या दशकात त्यांनी पोर्शे ९३४ ही शर्यतीची गाडी १:१२ प्रमाणात करायचं मनावर घेतलं. फोटो काढले, जर्मनीच्या वाऱ्या केल्या, तरी आतलं काही नीट कळेना. शेवटी त्यांनी त्याच घराण्यातली एक खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि स्क्रूपर्यंत खोलून जमिनीवर मांडली. एका खेळण्यासाठी! १९७६ साली किट बाजारात आलं. लोकांनी ते उचललंही, पण खर्च इतका झाला होता की त्याच साच्यात मोटर आणि रेडिओ बसवून कंपनीनं दुरून चालवायची गाडी काढली, आणि नफा दिला तो तिनं. शुनसाकू तामिया २०२५ च्या जुलैमध्ये नव्वदीत वारले. गाडी आधी खोलायची आणि मगच लहान करायची, हा त्यांचा धडा मला फार मोलाचा वाटतो. कुठलीही गोष्ट लहान करून सांगायची तर ती आधी पुरती ठाऊक असावी लागते. आमच्या क्षेत्रात चार ओळी लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं तर वाचकांवर उपकार होतील.

आता आपल्या देशात येऊ. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी गाड्या १९३४ पासून जगभर गाजत होत्या. या गाड्या किटच्या नव्हेत, धातूच्या, तयार. त्यांचं प्रमाण पुढं १:४३ च्या आसपास स्थिरावलं, कारण इंग्लंडातल्या खेळण्यातल्या रेल्वेत फुटाला सात मिलिमीटर धरत आणि मोटार त्या रेल्वेशेजारी शोभली पाहिजे. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही वापरून झालेले साचे कलकत्त्याला आले आणि तिथं त्याच गाड्या ‘निकी’ या नावानं बनू लागल्या. डिंकीची निकी झाली, जग्वार तीच राहिली. मला यात मोठी मौज वाटते. कारण मोठ्या मोटारींचीही तीच तऱ्हा होती. इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डचे साचे बंगालात उत्तरपाड्याला आले आणि तिची ॲम्बेसेडर झाली. इटलीच्या फियाट ११०० चे कुर्ल्याला आले आणि तिची १९७४ पासून पद्मिनी झाली. तिकडं म्हातारी झालेली गाडी आपल्याकडं नव्या नावानं पुन्हा तरुण व्हायची. हा नियम रस्त्यावर जसा होता तसाच मुलांच्या खिशातही होता.

किटचं मात्र इथं दुर्भिक्षच होतं. परदेशी खेळण्यांच्या आयातीवर बंधनं होती. ती उठली १ एप्रिल २००१ ला. तोवर किट यायचं ते जहाजी मंडळींच्या बॅगेतून. आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसं जहाजावर जात आणि पुढं आखातात जाऊ लागली. घरोघरी सेंटच्या बाटल्या, टेपरेकॉर्डर आणि कधीमधी एखादं किट येई. माझ्या एका मामूंनी असंच एक जपानी किट आणलं होतं. सूचना जपानी भाषेत, गोंदाची ट्यूब वाटेतच सुकलेली. मामू म्हणाले, “चित्रं बघून कर. इंजिनरूममध्ये आम्ही दुसरं काय करतो?” या किटचा खरा गोंद प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग सांधतो, चिकटवत नाही. ते इथं कोणाला ठाऊक? घरोघरी जे तुरंत चिकटणारं औषध असतं ते लावलं, की काचेच्या भागावर पांढरी वाफ धरायची आणि मोतीबिंदू झालेल्या गाड्या कपाटात उभ्या राहायच्या. त्या काळातल्या मुंबईच्या कोणत्याही शौकिनाचा जुना संग्रह पाहा, निम्म्या गाड्यांना मोतीबिंदू सापडेल.

२००१ नंतर दुकानं भरली. मग वारं पुन्हा फिरलं. २०२० साली खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ साली ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानकाचा शिक्काही सक्तीचा झाला. लहान मुलांच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये म्हणून केलेला तो नियम चांगलाच. देशी खेळण्यांना बाजार मिळाला हेही चांगलं. साठी उलटलेला एखादा गृहस्थ जेव्हा जपानी पेटी मागवतो तेव्हा ते खेळणं की कलाकुसरीचं सामान, हा वाद त्याचा तो घालत बसतो.

यावरून कोणाला वाटेल की हा छंद परदेशी, आपल्या मातीतला नव्हे. मला तसं वाटत नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करणारं पोर काय करत असतं? माती, विटा, गोणपाट आणि हळिवाचं हिरवळ घेऊन ते रायगड लहान करत असतं. मोहरमला गावोगाव बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागदांचे ताबूत बनतात, ती करबलाच्या रौज्याची प्रतिकृतीच. आणि गावाकडं ते बांधायला हिंदू कारागिरांचेही हात लागतात. तारेची गाडी आणि तिला फाटक्या स्लीपरच्या रबराची चाकं, ही तर गरिबाघरच्या पोराची हक्काची मोटार. पनवेलला तर चाकांचं वेड जुनंच. बोरघाटाच्या वाटेवरचं हे गाव बैलगाडीच्या चाकांसाठी देशावर ओळखलं जाई. आज त्याच वाटेवर कळंबोलीला ट्रकांची रांग संपत नाही, आणि २००२ पासून तिथूनच द्रुतगती मार्ग सुटतो.

लहान जगाचा ध्यास घेतलेल्या मराठी माणसाचं ठळक उदाहरण पुण्यात आहे. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर छोट्या रेल्वेगाड्यांचा नाद केला, गावोगाव फिरतं प्रदर्शन नेलं आणि अखेर १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडला छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. तिथलं प्रमाण १:८७, म्हणजे वर सांगितलेल्या डिंकीच्या बरोबर निम्मं. फुटाला साडेतीन मिलिमीटर. रेल्वे तर आहेच, पण मी पाहत राहिलो ते रस्ते. सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, सर्कस, आणि या सगळ्यांतून धावणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या मोटारी. एका खासगी माणसानं पदरमोड करून हे उभं केलं. मुंबईत आणिकच्या आगारात बेस्टचं संग्रहालय आहे, तिथंही ट्राम आणि बसगाड्यांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. आता या प्रतिकृतींना निराळी किंमत आली आहे. कारण बेस्टची जुनी डिझेलवरची दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली आणि ती आठवण ताजी असतानाच पद्मिनी टॅक्सी गेली.

शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी कायद्यानं रस्त्यावरून उतरली. १९६४ पासून फियाट म्हणून सुरू झालेला प्रवास साठ वर्षांच्या उंबरठ्यावर संपला. टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनं सरकारला विनवलं होतं की एक तरी गाडी जपून ठेवा. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी तर केव्हाच इमारती उभ्या राहिल्या. ज्या शहराला या गाडीनं साठ वर्षं वाहिलं, त्या शहरातल्या खेळण्यांच्या दुकानात गेलो तर लॅम्बोर्गिनी मिळते, फेरारी मिळते. प्लॅस्टिकची, मागं ओढून सोडायची ॲम्बेसेडरही मिळते. पद्मिनीचं मापात बनवलेलं किट माझ्या पाहण्यात आलेलं नाही. तामियांनी पोर्शे खोलली. आपली गाडी कोणी खोलून, मोजून ठेवली? कारखान्याचे नकाशे हौशी माणसाच्या हाती पडणं कठीण. गाड्या भंगारात. माप उरलंय ते फक्त ती दुरुस्त करणाऱ्यांच्या हातात, आणि ते हात आता सत्तरीच्या पुढं आहेत.

असेच दोन हात आमच्या विचुंब्यात आहेत. नवीन पनवेलला खेटून असलेलं आमचं गाव. भातशेती होती तिथं इमारती आल्या आणि मुंबईतली जागा न परवडणारी माझ्यासारखी माणसंही आली. त्यांतले एक कुर्ल्याच्या गॅरेजांत जन्मभर डेंटिंग-पेंटिंग केलेले गृहस्थ. आम्ही त्यांना मिस्त्री म्हणतो, ते मला कविराज म्हणतात, दोघांचंही वाईट चाललेलं नाही. पद्मिनी बंद झाल्याची बातमी वाचली त्या आठवड्यात त्यांनी सनबोर्डचा तुकडा आणि कटर घेऊन गॅलरीत बैठक मारली. खरी गाडी साधारण ३.९ मीटर लांब. १:२४ प्रमाणात ती सव्वासोळा सेंटिमीटर भरते. छताचा बाक त्यांनी प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण गरम करून काढला, सांध्यांत लांबी भरली, हेडलाइटच्या काचा गोळ्यांच्या पाकिटाच्या फुग्यातून कापल्या, बंपरला चॉकलेटची चांदी चढवली. काळा रंग ड्यूकोचा, गॅरेजातला. डाव्या अंगाला बॉनेटच्या कडेला बाहेर बसायचा तो जुना लोखंडी मीटर काडेपेटीच्या काडीतून कोरला. त्याची मान खाली-वर होते.

गाडी चकाचक दिसायला लागली तेव्हा मी म्हटलं, “मिस्त्री, झाली की!” ते म्हणाले, “कुठं झाली? ही शोरूममधली झाली. आमच्याकडं अशी कधी आलीच नाही.” आणि सुईच्या टोकानं त्यांनी उजव्या मागच्या दाराला पोचा पाडला, त्यावर किंचित निराळा काळा रंग फिरवला. दुरुस्तीनंतर रंगाची छटा कधीच जुळायची नाही, म्हणाले. दाराखालच्या पट्टीला गंज दिला. संग्राहकांत दोन पंथ असतात : एक पेटीचं सील न फोडता कपाटात ठेवणारा आणि दुसरा जुळवणारा. पहिल्या पंथाला पैसा मिळतो म्हणतात. माझं मत दुसऱ्याकडं आहे, आणि त्या पोच्यानंतर तर ते पक्कंच झालं.

एका गोष्टीनं काम अडलंय, ती पुढची जाळी. जाळीच्या पट्ट्या किती, त्यांच्यात फट किती, हे मिस्त्रींना तोंडपाठ होतं, असं त्यांना वाटत होतं. कागदावर काढून पाहिलं तर दर वेळी आकडा निराळा. मध्ये कळंबोलीकडं एका भंगारवाल्याच्या मागं एक पद्मिनी उभी असल्याचं कळलं. मी शिंप्याची टेप घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. गाडीत गवत उगवलं होतं. दारं, छत, चाकांमधलं अंतर, सगळं मापून वहीत टिपलं. जाळी मात्र कोणीतरी आधीच काढून नेली होती. भंगारवाला म्हणाला, जुन्या गाड्यांच्या शौकिनांना लागते, चोरबाजारात बघा. पुढच्या शुक्रवारी जायचं ठरलं आहे. जाळी सापडली तर विकत घ्यायची नाही, नुसती पट्टी लावून माप घ्यायचं आणि परतायचं, असं मिस्त्रींनी मला बजावलंय. दुकानदार पट्टी लावू देईल का, एवढाच प्रश्न आहे.